ताटलीच्या काठावरची गोळी

आमच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं. जीव राखायला कोणत्या मापाचं पिस्तूल घ्यावं? मी हा प्रश्न चार वर्षं ऐकतोय. रोज साधारण सहा वेळा, शनिवारी चौदा. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, कारण ते त्याच्या मेव्हण्याने सांगितलेलं असतं. मी फक्त मेव्हण्याला दुजोरा देण्याचा पगार घेतो.

आमच्या हॅकबेरी गावात दोन पंथ आहेत. पंचेचाळीसवाले आणि नऊवाले. आकडे गोळीच्या जाडीचे, एक इंचाच्या शतांशांत, दुसरा मिलिमीटरमध्ये, पण भांडण थेट मोक्षाच्या तोलाचं. पंचेचाळीसवाले म्हणतात, आमची एक लागली की माणूस खाली बसतो. नऊवाले म्हणतात, आमच्या पिस्तुलात सतरा मावतात. पण लागते का, हे विचारणं दोन्हीकडे असभ्य समजतात.

त्या बुधवारी ब्राइस नावाचा एक माणूस बायकोला घेऊन आला. बायको मार्नी. ती घोड्यांना नाल ठोकते. तिचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत, आणि मी काही बारीक नाही.

"भावा, हिला काहीतरी नाजूक दाखव," ब्राइस म्हणाला. "बायकांच्या हाताला झेपेल असं."

मी छोटं रिव्हॉल्वर काढलं. सगळे नवरे तेच मागतात. वजन एका सफरचंदाएवढं. यात एक अडचण अशी की पिस्तूल जितकं हलकं, तितका त्याचा झटका जास्त. जड पिस्तूल झटका स्वतः खातं, हलकं तो तुमच्या मनगटात सोडतं. हे मी चार वर्षांत शेकडो नवऱ्यांना सांगितलंय. एकानेही ऐकलेलं नाही. मागच्या बाजूला आमची नेमबाजीची गल्ली आहे, तिथे नेऊन मार्नीला पाच गोळ्या झाडायला दिल्या. तिसरीला तिने रिव्हॉल्वर खाली ठेवलं.

"मागच्या महिन्यात एका खेचराने लाथ मारली होती," ती म्हणाली. "ते निदान आधी कान मागे घेतं."

मग तिने माझ्याजवळचं जडशीळ नऊ एमएम उचललं आणि पाचच्या पाच कागदी ताटलीत घातल्या. ब्राइसने ते पाहिलं, मान डोलावली आणि छोटं रिव्हॉल्वर विकत घेतलं. गुलाबी मुठीचं. स्वतःसाठी एक पंचेचाळीस घेतलं. का, म्हणून मी विचारलं नाही. मी थकलो होतो.

कॉफीच्या मशीनजवळच्या बाकावर माझे आजोबा बसले होते, लोवेल प्रुइट, वय अठ्ठ्याहत्तर. ते रोज तिथेच बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पंचेचाळीस पंथाची दीक्षा देतात. त्यांनी सगळा प्रकार पाहिला आणि मान हलवली.

"लोक आधी स्वतःच्या हाताकडे का बघत नाहीत रे, ग्रेडी?" ते म्हणाले.

त्यांच्या हातातली कॉफी तेव्हा बशीत, गुडघ्यावर आणि थोडी जमिनीवर होती.

त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो, यंदा जास्तच. अंगठ्याचा सांधा तर केव्हाच गेलाय. याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. कॉफी कपात अर्धीच ओततो, तेवढंच.

अडचण शनिवारची होती. आमच्या चर्चला राखण करणारं एक पथक आहे. सात जण, सगळे हौशी, सगळ्यांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल. ब्रदर हॉलिसचं प्रवचन चालू असताना ते दारांत उभे राहतात. अकरा वर्षांत एकदाच प्रसंग आला, तेव्हा आत शिरलेली बकरी निघाली. पथक आजोबांनीच काढलं, नियमही त्यांनीच लिहिले, आणि पूर्वेचं दार पहिल्या दिवसापासून त्यांचं. दरवर्षी ऑक्टोबरात परीक्षा होते. सात यार्डांवर कागदी ताटली, पाच सेकंदांत पाच गोळ्या, असं दोनदा. दहापैकी आठ ताटलीत हव्यात, नाहीतर पथकातून बाहेर. ताटल्या चर्चच्या स्वयंपाकघरातल्या. परीक्षा आमच्याच गल्लीत होते आणि मोजणारा मी.

बुधवारी गिऱ्हाइकं गेल्यावर मी म्हटलं, "आजोबा, शनिवारच्या आधी एकदा हात साफ करून घ्या."

"माझा साफच आहे."

दहा झाडल्या. तीन लागल्या. पहिल्यांदा त्यांनी उजेडाला दोष दिला, मग काडतुसांना, मग ताटलीला.

"या पातळ ताटल्या आहेत. वाऱ्याने हलतात."

"आत वारा नाहीये, आजोबा."

"मग तू श्वास घेतोयस."

मी त्यांना नऊ एमएम दिलं. ते त्यांनी मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरलं. पाच लागल्या. मी थोडा वेळ फरशीवरची रिकामी काडतुसं गोळा केली, कारण मला पुढचं बोलायचं होतं आणि ते उभं राहून बोलता येईना.

"आजोबा, नाहीतरी थंडीत तासभर दारात उभं राहून काय मिळतं? सगळ्यांसारखं आत बसा की."

"तिसऱ्या बाकावर?" आजोबा म्हणाले.

एवढंच. पण मला कळलं. डावीकडून तिसरा बाक आजोबांचा आणि इना आज्जीचा. आज्जीने त्यावर दोन उश्या शिवून ठेवल्या होत्या, हिरव्या, कारण तो बाक थंडीत बर्फ व्हायचा. तिला जाऊन बारा वर्षं झाली. पहिलं वर्ष आजोबा चर्चलाच आले नाहीत. मग पथक निघालं, दार मिळालं, आणि दारात उभं राहून ते दर रविवारी चर्चला येऊ लागले. उश्या अजून दोन्ही तिथेच आहेत. आमच्याकडे बाकावर कुणी हक्क सांगत नाही. फक्त दुसरा कुणी तिथे बसला तर तीन पिढ्या त्याच्याशी बोलत नाहीत.

मी गाडीतून आज्जीचं पिस्तूल घेऊन आलो. सकाळीच टाकून ठेवलं होतं, विचारायचं धाडस होईना म्हणून दिवसभर तिथेच राहिलं. बावीसचं, लांब नळीचं, जुनं. ती व्हरांड्यातून साप मारायची त्याने. बावीस हेही इंचाचे शतांश, म्हणजे गोळी नऊ एमएमहून बारीक, जाडीला पेन्सिल, आवाज पुस्तक मिटल्यासारखा, झटका जवळजवळ नाहीच. दोन्ही पंथ तिला गोळी मानत नाहीत. तिला ते शेंगदाणा म्हणतात.

"नाही," आजोबा म्हणाले.

"फक्त दहा."

"हे खारी मारायचं आहे."

"मग ताटलीला खार समजा."

नऊ लागल्या. त्यातल्या सात तर मधोमध, जिथे ग्रेव्ही वाढतात तिथे. हात थरथरत होताच, पण झटका नसल्यामुळे प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल जागेवर येत होतं. आजोबांनी ताटली हातात घेतली आणि डॉक्टरांनी दिलेल्या कागदाकडे बघतात तशी बराच वेळ पाहिली.

"चालणार नाही," ते म्हणाले.

"नऊ लागल्या, आजोबा."

"नियम चार."

चर्चच्या स्वयंपाकघरात, ताटल्यांच्या कपाटाच्या दाराला आतून, पथकाचे नियम चिकटवलेले आहेत. नियम चार आजोबांच्या अक्षरात आहे: नऊ एमएमपेक्षा लहान माप घेऊन कुणीही देवाच्या दारात उभं राहणार नाही. नियम पाच: नियम बदलायला समितीतल्या तिघांच्याही सह्या लागतील. समितीत ब्रदर हॉलिस, आजोबा आणि पार्किंगचे प्रतिनिधी.

पार्किंगचे प्रतिनिधी म्हणजे व्हर्जिल स्टॅम्पर. नियम चार त्यांच्यासाठीच लिहिला होता.

व्हर्जिल आणि आजोबा लहानपणापासूनचे मित्र. लाकडाच्या गिरणीत व्हर्जिलच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्यामुळे त्यांना बावीसशिवाय काही धरता येत नाही. पथक निघालं तेव्हा ते पहिल्या दिवशी हजर झाले, बावीस घेऊन. आजोबांनी त्यांना नारिंगी जाकीट आणि दोन झेंडे दिले आणि गाड्या लावायला पाठवलं. वाईट वाटू नये म्हणून समितीत घेतलं. अकरा वर्षं ते ऊन-बर्फात गाड्या लावतायत, आणि दोघं एकमेकांशी फक्त हवामानाबद्दल बोलतात.

शुक्रवारी दुपारी आम्ही व्हर्जिलच्या घरी गेलो. गाडी मी चालवली. आजोबांच्या मांडीवर काळ्या अक्रोडांचं पोतं होतं.

व्हर्जिल व्हरांड्यात बसले होते. उठले नाहीत.

"ये, लोवेल. कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग तू कसा आलास?"

आजोबांनी पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं. "अक्रोड आणलेत."

"फोडलेले?"

"नाही."

काळा अक्रोड फोडायला आमच्याकडे लोक त्यावरून गाडी नेतात. व्हर्जिलने आपला तीन बोटांचा हात वर करून बघितला. "बरं केलंस. हिवाळा मोठा असतो."

मग दोघं हवामानाबद्दल बोलले. थंडी लवकर पडणार, यावर एकमत झालं. पाऊस कमी झाला, यावरही. हवामान संपलं. आजोबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तो नियम चार," ते म्हणाले.

"काय झालं त्याला?"

"जरा म्हातारा झालाय."

"नियम?"

 आजोबांनी हात खिशातून काढला आणि नुसता समोर धरला. व्हर्जिल त्या हाताकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांचं मांजर आलं, पोत्याचा वास घेतला आणि निघून गेलं.

"केव्हापासून?"

"दोन वर्षं."

"या पोराला कधी सांगितलंयस का, पहिल्या परीक्षेत मी किती मारल्या होत्या?"

"व्हर्जिल, आता ते कशाला?"

"किती?"

"दहा."

"आणि तू? पंचेचाळीसने?"

आजोबांना अंगणातला ट्रॅक्टर एकदम फार बघावासा वाटला. "आठ."

"पास किती ठरवलंस?"

"आठ."

"कधी ठरवलंस?"

"नंतर," आजोबा म्हणाले.

मी लहानपणापासून ही गोष्ट वेगळी ऐकली होती. त्यात व्हर्जिलला नेमच नव्हता आणि आजोबांच्या दहा लागल्या होत्या. एका आवृत्तीत अकरा.

"सही करतो," व्हर्जिल म्हणाले. "पण उद्या सगळ्यांसमोर तू वाचून दाखवायचं. जुना नियम, नवा नियम आणि मधले आकडे."

"आकडे कशाला?"

"हिशेब नको तर अक्रोड घेऊन जा."

परत येताना अकरा मैल आजोबा कुंपणाचे खांब मोजत होते. मग म्हणाले, "हीटर लाव." हीटर चालूच होता. मी बटणाला हात लावल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी नऊला पथक जमलं. ब्रदर हॉलिसने ताटल्यांचं पुडकं आणलं. यंदा जाड ताटल्या आणल्या होत्या, कडेला कंगोरे असलेल्या, कारण मागच्या वेळी पातळ ताटल्यांतून रस गळला अशी बायकांची तक्रार होती. ब्राइस आणि मार्नीही नव्याने नाव द्यायला आले होते. व्हर्जिल नारिंगी जाकीट घालून आले. बाहेर चारच गाड्या होत्या, पण त्यांनी त्या नीट लावून घेतल्या होत्या.

आजोबा पुढे झाले. हातात तिघांच्या सह्यांचा कागद होता, आणि त्या हातात तो वाचणं सोपं नव्हतं, म्हणून शेवटी मी कागद धरला आणि त्यांनी वाचला.

"नियम चार रद्द. नवा नियम चार असा. माप कोणतंही चालेल. ज्याने दहापैकी आठ लागतील, ते त्या माणसाचं माप." ते थांबले. "अकरा वर्षांपूर्वी व्हर्जिलच्या बावीसने दहा लागल्या होत्या. माझ्या आठ. त्याला मी पार्किंगमध्ये पाठवलं."

 शांतता फार लांबली तेव्हा ब्रदर हॉलिस "आमेन" म्हणाले, कारण त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. दोघांतिघांनी सवयीने "आमेन" म्हटलं.

पहिला नंबर ब्राइसचा. नव्या पंचेचाळीसने दोन लागल्या. गल्लीचा उतार चुकलाय, असं त्याचं मत पडलं. मार्नीने दुकानाचं जड नऊ मागून घेतलं आणि दहा मारल्या. गुलाबी रिव्हॉल्वर गाडीत कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय का, असं मी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "त्याने स्वतःच उचलून घेतलं. हाताला झेपतं म्हणे."

मग आजोबा. आज्जीचं पिस्तूल त्यांनी दोन्ही हातांत धरलं. मी घड्याळ लावलं. बुधवारी हे पिस्तूल जागेवर येत होतं, पण बुधवारी फक्त मी बघत होतो. पहिल्या पाच झाल्या. दुसऱ्या पाच झाल्या. आजोबांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि ताटलीकडे बघितलंच नाही.

मी ताटली काढून आणली आणि मोजली. परत मोजली. दोन गोळ्या साफ बाहेर गेल्या होत्या. सात आत होत्या. आठवी काठावर होती, कंगोऱ्यात, अर्धी ताटलीत, अर्धी हवेत.

चार वर्षांत कुणाचं काय चुकतं ते मी रोज सांगत आलोय, आणि आज मला एक आकडा सांगता येईना.

"सात," मी म्हणालो. "आणि एक काठाला."

"म्हणजे सात," आजोबा म्हणाले. मला लहानपणी शिकवताना ते हेच म्हणायचे, ताटलीच्या काठावर कुणी जेवत नाही. ते आता कमरेचा पट्टा सोडायला लागले. बक्कल निघेना. कुणीच पुढे झालं नाही, कारण अशा वेळी मदत करणं हा आमच्याकडे अपमान असतो. सगळे छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नाही. एक पंखा आहे, तोही बंद.

"दाखव इकडे," व्हर्जिल म्हणाले.

त्यांनी ताटली घेतली, चष्मा वर करून बघितली, मग भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. करंगळी त्यांना अजून आहे.

"लोवेल, त्या वेळी तुझी आठवी कुठे लागली होती?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. ताटल्या मी मोजत होतो. अशीच काठाला होती. इना जाऊन वर्ष झालं होतं, आणि तू वर्षभर दाढी केली नव्हतीस, आणि त्या दिवशी करून आला होतास." त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. "तेव्हा मी आठ मोजल्या. पोरा, आठ लिही."

"नियमात काठ नाही बसत, व्हर्जिल," आजोबा बक्कलशी झगडतच म्हणाले.

"काठाचा नियम कुठे लिहिलाय?"

आजोबांनी विचार केला. पाच नियम होते. काठाबद्दल एकही नव्हता. ते नुसतं म्हणत आले होते.

मी आठ लिहिलं. आजोबांनी बक्कल सोडलं. म्हणजे हात बाजूला केला, पट्टा कमरेलाच राहिला.

लोक गेल्यावर दोघं कॉफीच्या मशीनजवळच्या बाकावर बसले. मी दोन कप ओतले, एक अर्धा.

"आता तुलाही दारात उभं राहता येईल," आजोबा म्हणाले.

"मला वाचता येतं."

"पूर्वेचं दार घे. एकाआड एक रविवार."

"आणि त्या रविवारी गाड्या कोण लावणार?"

"मी."

"आत बस की. तुझा बाक आहे."

आजोबांनी कॉफीकडे बघितलं. "गाड्या मी लावतो," ते म्हणाले. व्हर्जिलने कप खाली ठेवला. "उद्या थंडी पडेल," ते म्हणाले, आणि आजोबांनी मान डोलावली.

पहिल्या रविवारी आजोबा पूर्वेच्या दारात होते. पंचेचाळीसच्या जुन्या म्यानात बावीस डगडगत होतं, म्हणून कडेला लोकरीचा मोजा कोंबला होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही. ब्राइसने तेवढं हळूच येऊन विचारलं, की बावीसमध्ये गुलाबी मूठ मिळते का.

दुसऱ्या रविवारी दारात व्हर्जिल होते, नवा टाय बांधून. मी आत जाऊन बसलो. साडेदहा झाले तरी अर्धे बाक रिकामे. ब्रदर हॉलिसने पहिलं भजन दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या बाकावर दोन हिरव्या उश्या होत्या. शेवटी मी बाहेर गेलो.

पार्किंगच्या तोंडाशी आजोबा नारिंगी जाकीट घालून उभे होते, झेंड्याचा हात पुढे करून. हात थरथरत होता. रस्त्यावर पार पेट्रोल पंपापर्यंत गाड्या थांबल्या होत्या, कारण म्हातारा या म्हणतोय की थांबा म्हणतोय, ते कुणालाच कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस कुणाला नव्हतं. पहिली गाडी मार्नीची होती. तिने काच खाली केली.

"लोवेल काका, येऊ का थांबू?"

आजोबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चांगला वेळ घेऊन पाहिलं.

"हा आता असाच राहणार," ते म्हणाले. "यायचं असेल त्याने यावं."

मार्नीने गाडी आत घेतली. मी दुसरा झेंडा उचलला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आत तिसऱ्यांदा तेच भजन सुरू झालं.